वाईच्या खोऱ्यात मुक्कामाची जागा शोधताना

नंदीध्वजांच्या मिरवणुका संपून सिद्धेश्वर यात्रेची मोठी गर्दी ओसरली, त्याच्या पुढच्या शुक्रवारी पहाटे आम्ही सोलापूर सोडले. मी, माझी पत्नी, सहावीत शिकणारी मुलगी आणि माझे ७१ वर्षांचे वडील असे चौघे होतो. दोन रात्री वाईजवळ तंबूत काढायच्या, एवढेच ठरले होते. तंबू नेमका कुठे ठोकायचा हे मी मुद्दाम ठरवले नव्हते. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका धरणाकाठी फोटो पाहून आगाऊ पैसे भरले होते आणि तिथे रात्रभर ओल्या अंथरुणात कुडकुडत बसावे लागले होते. फोटोत संध्याकाळ दिसते, पहाटे चार वाजता ती जागा कशी असते हे दिसत नाही. या वेळी वडील बरोबर असल्यामुळे तशी चूक परवडणारी नव्हती, म्हणून दुपारपर्यंत पोहोचायचे, उजेडात तीन-चार जागा पायांनी पाहायच्या आणि मगच सामान उतरवायचे, असा बेत केला.

मोहोळमार्गे पंढरपूर आणि तिथून माळशिरस, नातेपुते, फलटण, लोणंद हा माउलींच्या पालखीचा रस्ता आम्ही उलट दिशेने कापला. वडिलांनी ऐन उमेदीत दोनदा वारी केली आहे, त्यामुळे प्रत्येक मुक्कामाचे गाव आले की पालाची जागा कशी निवडत, पावसाचे पाणी कुठून येईल हे आधी कसे पाहत, हे ते मुलीला सांगत होते. पुढच्या दोन दिवसांत त्यातले पुष्कळसे उपयोगी पडले. खंबाटकीचा घाट चढून उतरलो, सुरूर फाट्याला वळलो आणि बाराच्या आत वाईत होतो. सुमारे अडीचशे किलोमीटरचा हा प्रवास आहे. सोलापूरच्या सपाट माळावरून आलेल्या माणसाला वाईत शिरताना पहिल्यांदा जाणवते ते हे की क्षितिज जवळ आले आहे. जिकडे पाहावे तिकडे डोंगराची एखादी सोंड उभी आहे.

वाई समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटरवर आहे आणि पसरणीचा घाट चढून गेले की लागणारी पाचगणी सुमारे १,३०० मीटरवर. या दोन उंचींच्या मध्ये कृष्णेचे खोरे पश्चिमेकडे महाबळेश्वरच्या पठारापर्यंत आत गेलेले आहे. दक्षिणेला पाचगणी-महाबळेश्वरची डोंगररांग, उत्तरेला रायरेश्वर-केंजळगडाची, मध्ये धोम आणि बलकवडी या धरणांचे जलाशय आणि त्या दोन पाण्यांमध्ये कमळगड. मुक्कामाची जागा निवडायची म्हणजे या रचनेत आपण कुठे झोपणार हे ठरवायचे.

गावात जेवण उरकून आधी ढोल्या गणपतीचे दर्शन घेतले. रास्ते घराण्यातील गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ मध्ये बांधलेले हे देऊळ कृष्णेच्या अगदी काठावर आहे आणि त्याची मागची भिंत माशाच्या आकारासारखी निमुळती केलेली आहे, म्हणजे पुराचे पाणी त्या टोकावर फुटून दोन्ही बाजूंनी निघून जावे. वडील त्या भिंतीपाशी बराच वेळ उभे राहिले. पाण्याजवळ राहायचे तर पाण्याचा विचार आधी करावा लागतो, हे अडीचशे वर्षांपूर्वीच्या गवंड्याला ठाऊक होते. तिथेच आम्ही एक पर्याय कायमचा बाद केला. मेणवलीच्या बाजूला नदीपात्रालगत हिरवळीचे सुंदर तुकडे आहेत, पण धरणाच्या खाली असलेल्या पात्रात तंबू लावायचा नाही. वरून पाणी सोडले की पात्र किती वेगाने भरेल याचा अंदाज झोपलेल्या माणसाला येत नाही.

पहिली जागा पाहिली ती धोमच्या जलाशयाच्या काठावरची. तिथे तयार तंबू होते, निळे आणि नारिंगी, एका ओळीत, पाण्याकडे तोंड करून. स्वच्छतागृह जवळ होते, जागा सपाट होती आणि मुलगी तर गाडीतून उतरताच पाण्याकडे धावली. मलाही मोह झाला, हे कबूल करतो. पण पाण्याची रेघ तंबूंपासून बरीच मागे गेलेली होती आणि मधल्या पट्ट्यात काळा गाळ वाळून भेगाळला होता. पावसाळ्यानंतर भरलेले धरण शेतीच्या आवर्तनांसाठी रिकामे होत जाते, काठ दर आठवड्याला सरकतो आणि त्याच्यामागे ही मऊ जमीन उघडी पडते. खुंटी त्यात सहज शिरते आणि तितक्याच सहज उपटून येते. शिवाय दुपारचे तीन वाजले होते तरी तंबूच्या खालच्या चटया ओलसर लागत होत्या. मी हात लावून पाहिला, वडिलांनीही पाहिला, आणि आम्ही काही न बोलता गाडीकडे वळलो.

दुसरी जागा वर, पाचगणीच्या बाजूला पठाराच्या कडेवर होती. दृश्य म्हणाल तर असे की संपूर्ण खोरे पायाशी. पण ही पठारे जांभ्या खडकाची आहेत. मी घरून नेलेली लोखंडी खुंटी बोटभरही आत गेली नाही, आणि दोर दगडांना बांधून तंबू उभा करायचा तर वारा पडलेला असावा लागतो. तिथे चार वाजताच वारा कानात घोंघावत होता. तरुणांनी एखादी रात्र तिथे जरूर काढावी, जागा वाईट नव्हे. गुडघ्यांनी साथ सोडलेल्या माणसाला मात्र रात्री दोनदा उठून खडबडीत कातळावरून चालायला लावणे मला योग्य वाटले नाही.

बलकवडीच्या पुढे जोर गावाच्या दिशेने खोरे अधिक दाट आणि एकाकी होत जाते. गव्यांचा वावर, विरळ वस्ती आणि दवाखान्यापासूनचे अंतर लक्षात घेऊन तिकडे आम्ही गेलोच नाही.

सूर्य कलायला लागला तेव्हा आम्ही खोऱ्याच्या उत्तर बाजूच्या एका वाडीच्या रस्त्याला लागलो. माझा तर्क साधा होता. जानेवारीत सूर्य दक्षिणेकडून चालतो, त्यामुळे पाचगणीच्या रांगेखालचे उत्तराभिमुख उतार सकाळी उशिरापर्यंत सावलीत राहतात, तर समोरच्या रांगेचे दक्षिणेकडे तोंड असलेले उतार लवकर तापतात आणि दिवसभर ऊब धरून ठेवतात. वाडीच्या थोडे वर एका शेतकरी कुटुंबाने पडीक वावराच्या दोन ताली, म्हणजे उतारावरचे बांध घातलेले पायरीसारखे तुकडे, सपाट करून तंबूंसाठी जागा केली होती. जमीन मुरमाड, कडेला दगडी बांध, एक जुने आंब्याचे झाड, पन्नास पावलांवर घर आणि घरामागे स्वच्छतागृह. पाणी दिसत होते, पण खाली, दूर, एखाद्या आरशाच्या तुकड्याएवढे.

घरातल्या मावशी शेण्या गोळा करत होत्या. त्यांना मी विचारले, "मावशी, थंडी कशी असते इथे? खाली धरणावर बरे, की वर?"

त्यांनी हातातली पाटी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "खाली नगा जाऊ, पावनं. म्हाताऱ्या मानसाला घिऊन तर नगाच. गारठा रातीचा उतरतोय आन् खाली जाऊन बसतोय. आमच्या खालच्या वावरातलं टमाटं थंडीनं करपत्यात, हितलं न्हाई करपत. वर डोंगरावर वारं, खाली गारठा. मधी बरं हाय."

हे मधले बरे का, याचे कारण शास्त्रात आहे. हिवाळ्यातल्या निरभ्र रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे सोडून देते, तिला टेकलेली हवा थंड होते, थंड हवा जड असते आणि जड हवा पाण्यासारखीच उतारावरून ओघळत घळींतून खाली जाऊन तळाशी साचते. त्यामुळे दिवसा जो नियम चालतो, की उंच जावे तसे गार व्हावे, तो अशा रात्री खोऱ्यात उलटा होतो. तळ सर्वांत थंड आणि उताराचा मधला पट्टा त्यापेक्षा उबदार. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या खोलगट भागात दवबिंदू गोठल्याच्या बातम्या हिवाळ्यात वाचायला मिळतात आणि त्याच पहाटे बाजारपेठेत तशी थंडी नसते, त्याचेही हेच कारण. मी हे सारे वाचलेले होते, पण नकाशा पाहून अमुक ताल निवडावी इतके ते ज्ञान माझ्या हाती लागले नव्हते. मावशींच्या टोमॅटोंनी ते काम केले.

तिथेच सामान उतरवले. तंबूचे दार पूर्वेला, बांधाच्या आडोशाला, आणि आंब्याच्या झाडापासून चार हात दूर ठेवले, कारण जुन्या झाडाची वाळकी फांदी कधी पडेल सांगता येत नाही आणि पानांवरचे दव रात्रभर ठिबकत राहते. सोलापूरहून नेलेली कडक भाकरी आणि शेंगांची चटणी होतीच. मावशींनी पिठले करून दिले. शेकोटीसाठी घरमालकांनी अंगणातली मातीची जागा दाखवली आणि तंबूजवळ काडीही ओढायची नाही असे स्पष्ट सांगितले. जानेवारीत इथले गवत सोनेरी होऊन वाळलेले असते आणि एका ठिणगीने अख्खी सोंड पेटते. कड्याला आग्या मोहोळेही लटकलेली असतात, धूर त्यांच्यापर्यंत जाणे बरे नव्हे. असे सांगणारा मालक भेटणे हे मला जागेच्या इतर सगळ्या गुणांइतकेच महत्त्वाचे वाटते.

झोपताना खाली सतरंजी, तिच्यावर दुपदरी सोलापुरी चादर, वर रजया. थंडी अंगाला वरून लागते त्यापेक्षा जमिनीतून जास्त लागते, हे वडिलांनी वारीत शिकलेले. त्यांच्याच सांगण्यावरून तंबूच्या जाळीच्या खिडक्या पूर्ण बंद केल्या नाहीत. चार माणसांच्या श्वासातली वाफ आत कोंडली की कापडावर पाणी सुटते आणि पहाटे तेच अंगावर पडते. दोन वर्षांपूर्वीची आमची ओली अंथरुणे निम्मी तरी आमच्याच श्वासाने भिजली असावीत, हे मला त्या रात्री उमगले.

मुलीने शाळेच्या प्रयोगासाठी घेतलेला छोटा तापमापक बरोबर आणला होता. पहाटे पावणेसहाला तिने तो तंबूबाहेर आंब्याच्या फांदीला लावला आणि दहा मिनिटांनी वाचला: १२ अंश. मग तिने हट्टच धरला की खाली धरणावर जाऊन पाहायचे. आम्ही दोघे अंधारातच गाडीने उतरलो. वाडीच्या खालच्या वळणावर गाडीचे दिवे पांढऱ्या भिंतीवर आदळावेत तसे धुक्यावर आदळले आणि काच उघडताच हवेचा वास आणि वजन दोन्ही बदलले. काठावर, कालच्या निळ्या-नारिंगी तंबूंपासून थोड्या अंतरावर, एका खांबाला तापमापक लावून आम्ही थांबलो. तंबूंच्या कापडावरून पाणी निथळत होते. एक गृहस्थ गाडी सुरू करून, काचा लावून, लहान मुलाला मांडीवर घेऊन आत बसले होते. तापमापक ८ अंशांवर स्थिरावला.

परत येताना मुलीने वहीत हिशेब मांडला. आमची ताल आणि तो काठ यांच्या उंचीत फोनवर पाहिले तर सुमारे १२० मीटरचा फरक दिसत होता. उंचीबरोबर हवा दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंशांनी थंड होते हा नियम लावला, तर काठ आमच्यापेक्षा पाऊण अंशाने उबदार असायला हवा होता. प्रत्यक्षात तो चार अंशांनी गार होता. वर आलो तेव्हा सूर्य उगवलेला होता, खाली सगळे खोरे धुक्याने काठोकाठ भरलेले होते आणि त्यातून कमळगडाचा माथा एखाद्या बेटासारखा वर आला होता. वडील बांधावर चादर पांघरून, उन्हाकडे पाठ करून चहा पीत बसले होते. खालचे धुके विरायला नऊ वाजून गेले.

तो दिवस मेणवलीच्या घाटावर आणि नाना फडणवीसांच्या वाड्यात गेला. वसईच्या मोहिमेनंतर आलेली, १७०७ साल कोरलेली पोर्तुगीज घंटाही पाहिली. संथ पाण्याकडे पाहत वडील म्हणाले, "हेच पाणी पुढे आपल्या भीमेला भेटते ना?" रायचूरजवळ भेटते, असे मी सांगितले. त्यांनी नमस्कार केला.

एक गोष्ट मात्र पहिल्या रात्री आम्हाला नीट जमली नव्हती. तंबूची वडिलांकडची बाजू एका उथळ घळीच्या तोंडाशी आली होती. दिवसा तिथे काहीच जाणवत नव्हते, पण रात्री दोनच्या सुमारास त्या घळीतून गार हवेचा बारीक, सलग प्रवाह येत राहिला आणि पहाटेपर्यंत त्यांचे पाय गरम झाले नाहीत, हे त्यांनी संध्याकाळी विचारल्यावर सांगितले. वाऱ्याची झुळूक नव्हे; वरच्या उताराची थंड हवा खाली धरणाकडे निघाली होती आणि आमचा तंबू तिच्या वाटेत होता. मावशींनी "रातीचा उतरतोय" म्हटले होते ते शब्दशः खरे होते. शनिवारी अंधार पडण्याआधी आम्ही सगळ्या खुंट्या उपटल्या, तंबू पंधरा पावले पूर्वेला, बांधाच्या उंच भागाआड नेला आणि घळीच्या बाजूला सामानाच्या पिशव्या रचल्या. वडील त्या रात्री एकदाच उठले आणि नंतर सकाळी सातपर्यंत झोपले.