बॅटरी संपली, राइड संपली

"मॅडम, बॅटरी संपली," ई-सायकलवर निघालेली माझी एक रुग्ण फोनवर एवढेच बोलून थांबली. सकाळचे सव्वाअकरा वाजले होते, माझ्यासमोर दुसरा रुग्ण तपासणीसाठी उकिडवा बसला होता, आणि फोनमधून वाऱ्याचा आणि तिच्या श्वासाचा आवाज तेवढा येत होता. या गोष्टीला आता दोन महिने होत आले. ती मुलगी सुखरूप आहे आणि तिची प्रगतीही चांगली आहे. तरीही त्या सकाळी नेमके काय घडले याचा निर्णय माझ्या मनात अजून झालेला नाही. म्हणून हे लिहीत आहे. तिची ओळख पटेल असे यात काहीही ठेवलेले नाही.

खाण्याच्या विकारातून बरे होणाऱ्या रुग्णांसोबत मी फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते. माझ्या कामातला बराच वेळ रुग्णांना हालचाल करायला लावण्यात नव्हे, तर ती किती आणि कधी करायची हे ठरवण्यात जातो. आडवे असताना आणि उभे राहिल्यावर नाडी व रक्तदाब मोजायचा, मग रुग्णाला उकिडवे बसवून हातांचा आधार न घेता उठायला सांगायचे आणि ० ते ३ असे गुण द्यायचे, हा आमचा रोजचा परिपाठ. ही चाचणी पाहणाऱ्याला पोरखेळ वाटतो. पण या आजारात रक्ताचे अहवाल पुष्कळदा फार उशिरापर्यंत निर्दोष येत राहतात, आणि उठताना रुग्णाची बोटे नकळत गुडघ्याकडे सरकतात किंवा कोपर क्षणभर मांडीला टेकते, ते मात्र त्याआधीच दिसते. अर्थात पाहणाऱ्याची नजर पायांवर नसून हातांवर असेल तरच. तिचे वजन किती होते, ती किती खात होती, हे आकडे मी इथे देणार नाही. हा आजार असलेल्या माणसाने असे आकडे वाचले की तो त्यांच्याशी स्पर्धा करू लागतो.

तिला ॲनोरेक्सिया, म्हणजे वजन वाढण्याच्या भीतीने खाणे टाळत जाण्याचा आजार होता, आणि त्याच्या जोडीला अंगात भिनलेली व्यायामाची सक्ती. या सक्तीला लोक शिस्त म्हणतात, कौतुक करतात, आणि त्या कौतुकाने आमचे काम दुप्पट होते. विल्यम गल यांनी १८७४ साली या आजाराला आजचे नाव दिले, तेव्हाच इतक्या खंगलेल्या शरीराने ही माणसे एवढी हिंडतात कशी याचे त्यांना आश्चर्य वाटले होते. १९६७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात उंदरांना दिवसातून ठरावीक वेळच अन्न दिले आणि पिंजऱ्यात फिरते चाक ठेवले, तेव्हा ते अधिकाधिक धावू लागले आणि मिळालेल्या वेळातही कमी खाऊ लागले. ज्यांना चाक दिले नव्हते ते त्याच अन्नावर तगले. ही सक्ती म्हणजे हट्ट किंवा मिरवण्याची हौस नव्हे, उपाशी शरीरातून उठणारी ती एक ओढ आहे, हे नातेवाइकांना समजावताना मी हा प्रयोग हमखास सांगते.

पूर्वी अशा रुग्णांना सरसकट अंथरुणाला खिळवून ठेवत. तीव्र अवस्थेत ते आवश्यकच असते. परंतु बरे होत असलेल्या माणसावरही संपूर्ण बंदी घातली की तो बंद दाराआड, पांघरुणाखाली, उभ्या उभ्या टाचा उचलून व्यायाम करतो, हे मी इतक्यांदा पाहिले आहे की बंदीवरचा माझा विश्वास उडाला आहे. आणि बंदीइतकाच घातक प्रकार म्हणजे वजनाचा काटा ठरलेल्या रेषेवर आला की "आता तुम्ही मोकळ्या" असे सांगून रुग्णाला घरी पाठवणे. तिच्या बाबतीत दुसरीकडे हेच झाले होते, आणि चार महिन्यांत ती पुन्हा आमच्याकडे आली.

ई-सायकलची कल्पना तिचीच. साधी सायकल हे तिच्या आजाराचे हत्यार होते, आणि तरीही सायकलवर बसल्यावर तोंडावर येणारा वारा तिला हवा होता. "मोटर असेल तर माझ्या पायांना काही सिद्ध करावं लागणार नाही," असे ती म्हणाली, आणि ते वाक्य मी तसेच केस पेपरवर उतरवून घेतले.

त्यानंतरचे तीन आठवडे मी या यंत्राचा जेवढा अभ्यास केला तेवढा पदवीनंतर क्वचितच कशाचा केला असेल. ई-सायकल म्हणजे बसल्या जागी प्रवास नव्हे; पेडल मारावेच लागते, आणि मदतीसह चालवतानाही बहुतेकांना मध्यम तीव्रतेचा व्यायाम होतो. त्यामुळे "मोटर आहे म्हणजे चिंता नाही" हे आमच्या मानसोपचारतज्ज्ञांचे म्हणणे मला मान्य नव्हते. खरा प्रश्न सेन्सरचा होता. महागड्या सायकलींत टॉर्क सेन्सर असतो. पेडलवर जितका जोर द्याल त्या प्रमाणात मोटर साथ देते, आणि म्हणूनच ती चाल नैसर्गिक वाटते. साध्या सायकलीत केडन्स सेन्सर असतो. पेडल फिरते आहे की नाही एवढेच त्याला कळते, पाय नुसते फिरत राहिले तरी मोटर आपले काम करते. इतरांसाठी टॉर्क सेन्सर चांगला यात वाद नाही. पण जितके स्वतःला पिळाल तितके मिळेल, हे तर तिच्या आजाराचेच बोलणे होते. मी केडन्स सेन्सरचा आग्रह धरला, तेव्हा सायकल जोडून देणाऱ्या मेकॅनिकला वाईट वाटले. "मॅडम, चांगली वस्तू सोडून साधी कशाला घेता?" असे त्याने दोनदा विचारले. कारण सांगितल्यावर मात्र त्याने सेटिंगमध्ये जाऊन मदतीची शून्य पातळी काढून टाकली, म्हणजे सायकल चालू असेपर्यंत मोटर बंद करता येणार नाही. ही मागणीही तिचीच होती.

डिस्प्ले ही माझ्या संतापाची जागा आहे. वेग, अंतर, सरासरी, आणि काहींवर तर जाळलेल्या कॅलरींचा आकडा, तोही बंद करण्याची सोय नसलेला. हे आकडे काही लोकांसाठी विषासारखे असतात, हे बनवणाऱ्यांपैकी कोणाच्याच मनात आले नसेल काय? शेवटी मी काळी चिकटपट्टी आणली आणि आम्ही दोघींनी मिळून तो डिस्प्ले झाकला. पट्टीला कात्रीने एक खिडकी कापली, नखाएवढी. तिच्यातून बॅटरीच्या पाच कांड्या तेवढ्या दिसत. बाकीचे सगळे गेले.

विरोध केला तो आहारतज्ज्ञ बाईंनी. सायकल चालवताना शरीराचा भार गादीवर असतो, त्यामुळे चालण्याने हाडांना जशी चालना मिळते तशी सायकलने मिळत नाही, आणि या मुलीच्या डेक्सा तपासणीत हाडांची घनता आधीच कमी आलेली. शिवाय २४ किलोची सायकल अंगावर कलंडली तर काय, हे त्यांचे आक्षेप रास्त होते. मी जागच्या जागी करायचे ताकदीचे व्यायाम जोडले, सायकलवर पाय टेकवून थांबण्याचा सराव करून घेतला, आणि ४० मिनिटे, आठवड्यातून २ वेळा, सपाट रस्ता, निघण्यापूर्वी खाणे आणि सोबत डबा, अशी योजना लिहिली. शेवटची ओळ तिने स्वतःच्या हाताने लिहिली: "बॅटरी संपली की राइड संपली."

तर तो फोन. चक्कर येते आहे का, छातीत धडधडते आहे का, सावलीत आहेस का, हे मी आधी विचारले. तिन्ही उत्तरे ठीक आली. मग ती म्हणाली, "मॅडम, घर पाच किलोमीटरवर आहे. मला जमेल." हे तिने ज्या आवाजात म्हटले तो आवाज मी ओळखते. त्यात थकवा नसतो, भीती नसते. त्यात एक चकाकी असते. "चालवू नकोस" हे शब्द माझ्या ओठांवर आले होते. पण माझ्या नकाराने ती थांबली असती, तर तो फक्त माझा नकार झाला असता. मी विचारले, "काय ठरलं होतं आपलं?"

ती किती वेळ गप्प होती ते मला सांगता येणार नाही. समोरच्या रुग्णाला मी हाताने खुर्चीवर बसण्याची खूण केली, एवढे आठवते. मग सायकल स्टँडवर लावल्याचा खटका ऐकू आला, पाठोपाठ डब्याचे झाकण उघडल्याचा. "बाबांना बोलावते," ती म्हणाली. "तुम्ही फोन ठेवू नका."

मी ठेवला नाही. वडील गाडी घेऊन आले. चांगला माणूस, या आजारात आई-वडील जे भोगतात ते कोणी लिहून ठेवत नाही. पण सायकलचे पुढचे चाक काढता काढता ते मायेने म्हणाले, "अगं, एवढं अंतर तर तू पूर्वी सहज मारायचीस!" ते मला फोनवर स्पष्ट ऐकू आले. त्यानंतर ती रडू लागली, आणि ती का रडते आहे हे त्यांना कळेना.

दुपारी आमची बैठक होती. मी सगळे सांगितले तेव्हा खोलीत आनंद पसरला. मानसोपचारतज्ज्ञ म्हणाले, ज्या मुलीने थांबायचे कसे हे कधी शिकलेच नव्हते ती रस्त्यात थांबली, याहून मोठी प्रगती कोणती? माझ्याही डोळ्यांत पाणी होते. तेवढ्यात आहारतज्ज्ञ बाईंनी वहीतून मान वर न करता विचारले, "निघताना चार्ज किती होता?"

मला त्यांचा राग आला. प्रत्येक वेळी रुग्णाची उलटतपासणी घेण्याची त्यांची ही सवय मला आवडत नाही. परंतु त्या खोलीतल्या नऊ माणसांत तो प्रश्न फक्त त्यांना सुचला, हेही मला मान्य करावे लागेल.

कारण हिशेब असा आहे. तिची बॅटरी ३६ व्होल्ट, १० अँपिअर-तास, म्हणजे ३६० वॅट-तासांची. सपाट रस्त्यावर किलोमीटरला साधारण १० वॅट-तास धरले, तर १० किलोमीटरच्या तिच्या फेरीला शंभरेक लागतात. पूर्ण भरलेली बॅटरी पहिल्या पाच किलोमीटरांत संपणे शक्य नाही. सलग तीन फेऱ्या चार्ज न करता झाल्या असतील तरच चौथीत ती दगा देईल. दर फेरीनंतर चार्ज करायचे, हे ठरलेले होते. आणि झाकलेल्या डिस्प्लेवर पाहण्यासारखी एकच गोष्ट मी तिच्यासाठी शिल्लक ठेवली होती, ती म्हणजे बॅटरीच्या कांड्या.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः मेकॅनिककडे गेले. त्याने पॅक उघडला. एकामागे एक जोडलेल्या सेलच्या दहा गटांपैकी एक गट अशक्त झाला होता. "भार आला की याचं व्होल्टेज एकदम कोसळतं, मग बाकीचे नऊ चांगले असले तरी बीएमएस, म्हणजे बॅटरी सांभाळणारा सर्किट, मोटर तोडतो," त्याने मीटर लावून दाखवले. भार काढला की काटा पुन्हा वर. कांड्या व्होल्टेजवर चालतात, त्यामुळे निघताना तीन दिसल्या असतील, कदाचित चारही, असे त्याचे म्हणणे. मला एवढे हलके वाटले की त्याचे आभार मानायचेच राहिले. घरी पोहोचेपर्यंत मात्र लक्षात आले की अशक्त गटाने बॅटरी लवकर संपण्याचे कारण मिळते, ती चार्ज केली होती की नाही याचे उत्तर मिळत नाही. आणि या साध्या यंत्रात कसलीच नोंद राहत नाही. अशी साधी सायकल मीच निवडली होती.

मोटर नकोच असती तर तिला सायकल सरळ बंद करून चालवता आली असती, ही गोष्ट तिच्या बाजूने जाते. पण या आजाराशी बारा वर्षे झगडल्यावर मला त्याची एक खोड ठाऊक झाली आहे. बटण दाबून केलेली गोष्ट ही आपली करणी ठरते. चार्जर लावायचा राहून गेला, तर ती नुसती घडलेली गोष्ट ठरते, आणि मग उरलेले पाच किलोमीटर जोर लावून चालवणे हा नाइलाज होतो. आजाराला असा नाइलाज फार प्रिय असतो. म्हणजे घरून निघाला तो आजार, आणि रस्त्यात उतरली ती मुलगी, असे झाले असेल काय? की मी या कामात इतकी मुरले आहे की एका साध्या विसरण्यातही मला आजार दिसतो?

पुढच्या भेटीत विचारायचे असे ठरवूनच मी बसले होते. ती आली, उकिडवी बसली, आणि उठली. हात छातीशी बांधलेले, जराही हलले नाहीत. मी ३ गुण लिहिले. प्रश्न जिभेवर होता. विचारला असता तर ती खरे बोलली असती, असे मला वाटते. पण चौकशी होते आहे असे वाटून पुढच्या वेळी तिने फोनच केला नाही तर, या भीतीने मी थांबले. बूट घालताना तिनेच सांगितले, "मॅडम, चार्जर मी माझ्या खोलीतून बाहेर आणलाय. आता बाहेरच्या खोलीत लावते, येता-जाता सगळ्यांना दिवा दिसतो." मी "बरं केलंस" म्हणाले. तिने बुटाची नाडी बांधली, सोडली, पुन्हा बांधली, आणि मी काही विचारते का याची वाट पाहिल्यासारखी क्षणभर तशीच बसून राहिली. मग उठून गेली.

केस पेपरवर ‘घटनेचे कारण’ असा एक रकाना असतो. माझ्या हातून तो अजून भरला गेलेला नाही. परवा पाहिले, तर त्यात आहारतज्ज्ञ बाईंनी पेन्सिलीने एक बारीक प्रश्नचिन्ह काढून ठेवले आहे. ते मी खोडलेले नाही.