दिसू नये म्हणून लावायचा हात

लाकडी फळ्यांच्या जमिनीला कोणता रंग द्यायचा, यावर घरातल्या चौघांची पाच मतं असतात. रंग वाळला की तो टिकावा म्हणून त्यावर कोणता पारदर्शक थर लावायचा, यावर मात्र कुणालाच मत नसतं. साहजिकच आहे. जे दिसणारच नाही त्यावर पैसे घालवायचे आणि त्यापायी खोलीही काही दिवस बंद ठेवायची, याचा उत्साह कुणाला असणार?

मुळात लावायलाच हवं असंही नाही. खास जमिनीसाठी बनवलेला रंग चांगला चिवट असतो; खोलीत वावर बेताचा असेल तर तो एकटा निभावून नेतो. पण हौसेनं भिंतीचाच रंग फळ्यांवर मारला असेल, तर वरून संरक्षण द्यावंच लागतं. नाहीतर खुर्ची चारदा सरकली की खालचं लाकूड डोकं वर काढतं.

मग दुकानात डबे पुढ्यात येतात आणि सगळ्यांवर ‘पारदर्शक’ लिहिलेलं असतं. तेलातलं पॉलियुरेथेन, म्हणजे एक प्रकारचं चिवट वॉर्निश, असेल तर झाकण उघडून आत डोकवावं. ते मधासारखं पिवळसर दिसतं. उघड्या लाकडावर ही झाक खुलते, लाकूड उबदार वाटतं. पण पांढऱ्या फळ्या त्यानं सायीच्या रंगाकडे झुकतात आणि फिकट निळ्या हिरवट दिसू लागतात. शिवाय हा पिवळेपणा वर्षागणिक चढतो. जवसाच्या तेलातल्या जुन्या पद्धतीच्या वॉर्निशची तर आणखी एक खोड: उजेड नसेल तिथं ते जास्त पिवळं पडतं. सतरंजी उचलावी तर खाली तिच्याच मापाचा पिवळा चौकोन!

पाण्यातलं पॉलियुरेथेन डब्यात दुधी दिसतं आणि वाळल्यावर स्वच्छ होतं. फिक्या रंगावर मी डोळे झाकून तेच घेईन. वास कमी, वाळतं लवकर. जिथं पायांची सतत ये-जा असते तिथं हार्डनर, म्हणजे थर कडक करणारं रसायन, आयत्या वेळी मिसळायचं दोन भागांचं घ्यावं, जास्त टिकतं. मात्र एकदा मिसळलं की काही तासांतच संपवावं लागतं, म्हणून लागेल तेवढंच कालवावं. हार्डनरची वाफ छातीला बरी नव्हे, तेव्हा खिडक्या सताड उघड्या हव्यात आणि डब्यावर सांगितलेला मास्कही हवा.

खरी घाई नडते ती रंग आणि वॉर्निश यांच्या मधल्या काळात. ऑइलपेंट दुसऱ्या दिवशी हाताला वाळलेला लागतो, पण आतून कडक व्हायला त्याला कित्येक आठवडे लागू शकतात. कोपऱ्यात नख दाबून पाहावं. खूण उमटली तर थांबावं. थांबून झालं की बारीक पॉलिश पेपरनं, 220 नंबरच्या, चकाकी जाईल इतपतच घासायचं. गुळगुळीत तेलरंगावर पाण्यातलं वॉर्निश नाहीतर धरत नाही. इथं स्टीलचा काथ्या मात्र वापरू नये. त्याचे बारीक तंतू फटीत अडकतात आणि पाण्यातल्या वॉर्निशखाली गंजून तांबूस ठिपके उठवतात.

चकचकीत की मॅट? मी मॅटवाला. चकचकीत जमिनीवर प्रत्येक केस आणि प्रत्येक ओरखडा लांबून दिसतो. मॅटमधली चकाकी मारणारी पूड तळाशी बसते, म्हणून डबा काठीनं तळापासून सावकाश ढवळायचा. जोरात खळखळवला की बुडबुडे येतात आणि ते जमिनीवर तसेच वाळतात. गडद रंगावर मॅटचे हातावर हात चढवले तर धुरकटपणा येतो. अशा वेळी खालचे हात चकचकीत द्यावेत आणि शेवटचा तेवढा मॅट.

मेणाचे भक्त असतात, त्यांच्याशी वाद नको. दिसायला मेण सुंदरच. पण ते वरचेवर लावावं लागतं, पाय घसरतो, आणि पुढे कधी विचार बदललाच तर सगळं मेण खरवडून काढल्याशिवाय त्यावर वॉर्निश टिकत नाही.

शेवटी सगळं ठरतं ते दारापाशी. झीज तिथूनच सुरू होते. वरचा थर नुसता मळकट झाला असेपर्यंत हलकं घासून नवा हात देता येतो, खालच्या रंगाला धक्का लागत नाही. एकदा रंगच उडाला की कितीही जुळवून लावा, ठिगळ दिसतंच. म्हणून खोलीभर दोन हात पुरे वाटले तरी दारापासूनच्या तीन-चार फळ्यांना मी तिसरा देतो, आणि उरलेला डबा झाकण ठोकून ठेवून देतो.