स्पॅनिश अपडेट: क्रियापदं, भोपळे आणि भुसावळचा उन्हाळा

मंडळी, मे महिन्यात भुसावळला दुपारी घराबाहेर पडायची सोय नाही, म्हणून कूलरसमोर बसून स्पॅनिश क्रियापदांचे वाक्प्रचार इंग्रजीत उतरवायला घेतलेत. 'तेनेर' म्हणजे जवळ असणं, ते वाले उरकले. भूक, तहान, घाई, वय सगळं त्यांच्याकडे 'जवळ असतं', एकदा पाठ केलं की विषय संपला.

खरी गंमत 'से' या छोट्याशा सर्वनामात आहे. 'से मे कायो एल बासो', म्हणजे ग्लास आपला आपण पडला, मी फक्त तिथे होतो. मराठीत पटकन बसतं, माझ्या हातून ग्लास पडला. इंग्रजीत मात्र 'आय ड्रॉप्ड द ग्लास' लिहावं लागतं आणि सगळं खापर माझ्या डोक्यावर! 'मे गुस्ता'चंही तेच, आवडणारी वस्तूच कर्ता, आपल्या अहिराणीत 'माले आवडस' म्हणतो अगदी तसं. म्हणून मी आधी मनात मराठी करतो मग इंग्रजी, क्लासवाले मातृभाषा मध्ये आणू नका म्हणतात ते मला काही पटत नाही.

अर्थात काळाच्या बाबतीत मराठीच्या भरवशावर राहू नका. 'एल त्रेन आकाबा दे सालिर', गाडी आत्ताच सुटली. 'आकाबार' म्हणजे संपणं, पण इथे काही संपत नाही, क्रियापद वर्तमानात असून इंग्रजीत 'हॅज जस्ट लेफ्ट' होतं. आणि 'आकाबाबा' दिसलं तर 'हॅड जस्ट लेफ्ट', एका 'बा'ने काळ बदलतो, घाईत वाचलं की तो निसटतोच.

सध्याचा फेवरेट 'दार कालाबासास', भोपळे देणे. प्रेमात कुणी विचारलं आणि नकार दिला तर भोपळे, परीक्षेत नापास केलं तरी भोपळेच! आपल्याकडे पेपरात भोपळा मिळतो आणि नोकरीवरून काढताना नारळ देतात, त्यामुळे हे समजावून सांगावं लागलं नाही. इंग्रजीत पहिल्याला 'टर्न डाउन', दुसऱ्याला 'फ्लंक', भोपळा दोन्हीकडे गायब.

एक टिप, रॉयल स्पॅनिश अकॅडमीची डिक्शनरी ऑनलाइन फुकट आहे, तिथे असे वाक्प्रचार बहुतेक वेळा क्रियापदाखाली नाही तर नामाखाली सापडतात. 'तोमार एल पेलो' म्हणजे टिंगल करणं, ते 'तोमार'मध्ये शोधत बसू नका, 'पेलो' म्हणजे केस, तिथे बघा.

आता 'एचार' म्हणजे टाकणं, फेकणं घेतोय, त्याची नोंद एवढी लांब आहे की स्क्रोल करून अंगठा दुखतो. कुणाकडे रोजच्या बोलण्यातली उदाहरणं असतील तर द्या.