आधी टॉयलेट कुठंय ते बघायचं

मला क्रोन्स, म्हणजे आतड्यांना सूज येत राहणारा, सारखं टॉयलेटला पळवणारा आजार, होऊन आता १४ वर्षं झाली. पहिली दोन वर्षं तर "काही नाही, टेन्शन कमी घ्या" यातच गेली, मग कोलोनोस्कोपी (दुर्बिणीने आतड्याची तपासणी) झाली आणि लहान आतड्याच्या शेवटच्या भागात अल्सर दिसले. आजाराला नाव पडलंय डॉ. बरिल क्रोनवरून, या आजारावरचा १९३२ चा पेपर, लिहिणारे खरं तर तिघं होते पण बाकी दोघांना कोण विचारतंय, असो.

लोकांना वाटतं पोट दुखणं हाच आजार. अहो त्याची सवय होते, पण तो थकवा, आठ तास झोपून उठलं तरी अंगात जीव नाही, तो कुणाला दिसतच नाही ना. स्टिरॉइड चालू होते तेव्हा चेहरा असा गोल झाला की एक ओळखीच्या काकू म्हणाल्या, "तब्येत सुधारली गं तुझी!" आणि मी तेव्हा झोप येत नाही म्हणून रात्री तीनला कपाट आवरत बसायचे.

आता दर दोन आठवड्यांनी मांडीत इंजेक्शन घेते. अर्धा तास आधी फ्रिजमधून काढून ठेवायचं, गार टोचलं की जाम चुरचुरतं. सध्या रिपोर्ट चांगले आहेत, डॉक्टर रेमिशन, म्हणजे आजार सध्या शांत आहे, म्हणतायत, पण पर्समधली जादाची चड्डी आणि वाइप्स मी अजून काढलेले नाहीत.