लक्षात राहत नाही, म्हणजे बुद्धी कमी?

मी दहावीच्या मुलांना भूमिती शिकवते, त्यामुळे पालकांचा एक प्रश्न ठरलेला असतो: ‘तासन्‌तास पुस्तक घेऊन बसतो, पण लक्षात काहीच राहत नाही, मुळात बुद्धीच बेताची असेल का?’ तुम्हीही तेच विचारलेत, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

बुद्धी जन्मतःच ठरलेली असते, ही समजूत फार जुनी आहे. पण ज्या फ्रेंच मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड बिने यांनी थिओडोर सिमाँ यांच्यासह १९०५ मध्ये बुद्धिमापनाची चाचणी तयार केली, त्यांनाच ही समजूत मान्य नव्हती. शाळेत कोणत्या मुलाला जास्त मदत लागेल, हे ओळखण्यासाठी त्यांनी ती चाचणी केली होती.

मानसशास्त्रज्ञ क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेले अमेरिकेतील प्रयोग मला महत्त्वाचे वाटतात. पाचवीच्या मुलांनी काही कोडी सोडवल्यावर काहींना ‘तू हुशार आहेस’ असे सांगितले, तर काहींना ‘तू खूप मेहनत घेतलीस’ असे. मग मुद्दाम अवघड कोडी दिली आणि त्यानंतर पुन्हा पहिल्याइतकीच सोपी. हुशार म्हणून वाखाणलेल्या मुलांची कामगिरी पहिल्यापेक्षा घसरली, मेहनतीची दाद मिळालेल्यांची सुधारली. मात्र याचा अर्थ ‘मला जमेल’ असे घोकले की गुण वाढतात, असा मुळीच नाही. सुमारे १२,००० अमेरिकी विद्यार्थ्यांवरील २०१९ च्या अभ्यासात, बुद्धी वाढू शकते हे समजावणाऱ्या छोट्या ऑनलाइन पाठांमुळे अभ्यासात मागे असलेल्यांच्या सरासरी श्रेणीगुणांत, सुमारे चारच्या मोजपट्टीवर, जेमतेम ०.१ इतकी वाढ दिसली. भिंतीवर सुविचार चिकटवून काय साधेल, ते यावरून कळावे.

माझ्या मते बुद्धीकडे पाहण्याच्या या वृत्तीचा स्मरणशक्तीशी संबंध येतो तो मूल अडते त्या क्षणी. पायथागोरसच्या प्रमेयाची सिद्धता घ्या. एक मुलगा ती गाईडमध्ये चार वेळा वाचतो, हायलायटरने रंगवतो आणि ‘झाले पाठ’ म्हणतो. दुसरा पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर आकृती काढतो, कर्णावर लंब टाकतो आणि आता कोणते त्रिकोण समरूप घ्यायचे, इथे अडतो. हे अडणे म्हणजे आपल्या बुद्धीवरचा शेरा, असे ज्याला वाटते, तो साहजिकच पुस्तक मिटायला धजत नाही. आणि नेमके मिटल्यावरच पक्के होते. मानसशास्त्रज्ञ रोडिगर आणि कार्पिक यांच्या २००६ च्या प्रयोगात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांपैकी एका गटाने उतारा पुन्हापुन्हा वाचला, तर दुसऱ्याने एकदा वाचून तीनदा आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे सरस ठरले, आपल्याला येते अशी त्यांची खात्रीही जास्त होती. परंतु आठवड्यानंतर त्यांना सुमारे ४० टक्केच आठवले, तर लिहिणाऱ्यांना ६१ टक्के.

म्हणून तुम्ही एवढेच करा: वाचलेली सिद्धता दुसऱ्या दिवशी कोऱ्या कागदावर लिहायला सांगा, तो अडला तर लगेच सांगू नका, आणि ‘एवढेही येत नाही?’ हे तर नकोच. (कौतुक करायचेच असेल, तर त्याने लंब कुठून टाकला याचे करा.) हे नेटाने करूनही वाचताना अक्षरांची सतत उलटापालट होत असेल, अंक चुकीचे उतरवले जात असतील, तर मात्र वृत्तीला दोष न देता अध्ययन अक्षमतेची (म्हणजे वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यातल्या विशिष्ट अडचणीची) तपासणी करून घ्यावी, तसे प्रमाणपत्र असल्यास राज्य मंडळाच्या परीक्षेत वाढीव वेळेसारख्या सवलती मिळतात.