तीच दुर्बीण, तोच गुरू: वही क्र. ३ मधून

मंडळी, नोव्हेंबरनंतर इथे काही लिहिलं नव्हतं. दुर्बीण तीच, ६ इंची डॉब (साध्या बैठकीवरची आरशाची डॉब्सोनियन दुर्बीण), नाभीय अंतर १२०० मिमी. नवा आयपीस (डोळा लावायचं भिंग) घेतलेला नाही, आणि दिवाळीत होती तेवढी घाईही आता राहिलेली नाही.

वहीतलं गुरूचं पहिलं चित्र २३ नोव्हेंबरचं, इंदूरच्या सुदामानगरातल्या आमच्या गच्चीवरून, १० मिमी आयपीस म्हणजे १२० पट. दोन पट्टे, चार चंद्र, संपलं. शेवटचं चित्र ८ मार्चचं, आयपीस तोच. त्यात उत्तर पट्ट्याच्या विषुववृत्ताकडच्या कडेला लोंबणाऱ्या निळसर शेपट्या आहेत, दक्षिण पट्ट्याचे दोन पदर सुटे दिसतात, ध्रुवाजवळचा राखाडी भाग वेगळा काढता आलाय. मधल्या काळात ३१ रात्री गुरू बघण्यात गेल्या. हवा सुधारली म्हणावं, तर सीइंगचा, म्हणजे हवा किती स्थिर आहे याचा, आकडा दोन्ही तारखांना पाचपैकी तीन. गुरू तर मार्चपर्यंत किंचित लहानच झाला. म्हणजे जे बदललं ते आयपीसच्या अलीकडे.

पहिले पंधरा दिवस मी डोळ्याला कॅमेरा समजत होतो, लावला की उमटलं. डोळ्याच्या आतल्या पडद्यावर साधारण १२ कोटी दंडपेशी (मंद उजेडासाठी) आणि ६० लाख शंकूपेशी (रंग आणि बारकाव्यांसाठी) असतात, पण मेंदूकडे जाणाऱ्या नसेत तंतू असतात जेमतेम दहा लाखांच्या आसपास. काय पुढे पाठवायचं याची छाटणी डोळ्यातच सुरू होते. पुढे मेंदूच्या मागच्या भागात वेगवेगळ्या कोनातल्या कडांना वेगवेगळ्या पेशी दाद देतात. ह्युबेल आणि वीझल या शास्त्रज्ञांना हे मांजरावरच्या प्रयोगात सापडलं, तेही काचेच्या स्लाइडची कड पडद्यावरून सरकल्यामुळे. १९५९ मध्ये त्यांनी ते छापलं आणि १९८१ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. ही यंत्रणा सरावानं बदलते. करणी आणि सागी या दोन संशोधकांनी १९९१ मध्ये दाखवलं की बारीक पोत ओळखण्याचा सराव एका डोळ्यानं केला, तर सुधारणा बहुतेक त्याच डोळ्यापुरती राहते.

हे वाचून ८ मार्चलाच डावा डोळा लावून पाहिला. मी कायम उजव्यानं बघतो. डाव्यानं दोन पट्टे आणि चार चंद्र! नोव्हेंबरच जणू. चष्म्याचा नंबर दोन्हीकडे सारखा आहे, त्यामुळे दोष तिकडे टाकता येत नाही. एका माणसाची एक रात्र, याला प्रयोग म्हणत नाही, पण वहीत लाल शाईनं लिहून ठेवलंय.

आता फजिती. २९ जानेवारीला ॲपमध्ये पाहिलं, गुरूवरचा प्रसिद्ध लाल डाग रात्री ९.१० ला मधोमध. नऊ वाजता डोळा लावला आणि डाग दिसला. सरळ दिसला, दक्षिण पट्ट्याच्या खळगीत, फिकट विटकरी. रंगीत पेन्सिलनं काढला, आईला खाली जाऊन दाखवलाही. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं की ॲपवरची वेळ ग्रीनिचची होती. साडेपाच तासांचा फरक, आणि गुरू ९ तास ५५ मिनिटांत एक फेरी मारतो. मी पाहिला त्या वेळी डाग जवळजवळ पाठच्या बाजूला होता. मी काढला कुठला?

ते चित्र फाडलेलं नाही. यात मी एकटा नाही एवढंच समाधान. १८७७ मध्ये इटलीच्या स्कियापारेल्ली या खगोलज्ञाला मंगळावर रेषा दिसल्या, पुढे अमेरिकेच्या लोवेलनं त्यांचे कालवे केले. १९०३ मध्ये ग्रीनिच वेधशाळेच्या मॉन्डरनं शाळेतल्या मुलांपुढे मंगळाच्या चित्राच्या चकत्या टांगल्या. त्यांवर कालवे नव्हते, वेडेवाकडे डाग आणि ठिपके होते. फार जवळ नाही आणि फार लांबही नाही अशा बाकांवरच्या मुलांनी त्यातून सरळ रेषा काढल्या. ठिपके सुटे दिसण्याइतकं अंतर कमी नसलं की मेंदू ते जोडून मोकळा होतो.

हा प्रयोग घरी करायचाच होता. भाचीनं तीन चकत्या काढल्या, मला न दाखवता, आणि संध्याकाळी गच्चीच्या भिंतीला चिकटवल्या. तीन मीटरवरून ठिपके. सात मीटरवरून आई म्हणाली, "भिंतीला तडे गेल्यासारखं दिसतंय रे." शेजारचे डोकावले, "भिया, ये तो सड़क का नक्शा है." मी दुसऱ्या चकतीवर चार रेषा काढल्या, तिसरीवर एक पुसट. तिसऱ्या चकतीवर काहीच नव्हतं. "मामा, हीच तर गंमत होती," भाची म्हणाली. तो कागद आता फ्रिजवर आहे.

तेव्हापासून आधी चित्र, मग ॲप. ज्या गोष्टीवर दुर्बीण लावायची तिचा फोटो आठवडाभर बघायचा नाही. हे दुसरं मात्र फार जड जातं.

१४ मार्च, महूजवळची जानापाव टेकडी. इंदूरच्या उजेडातून सुटायचं तर महूकडे निघावंच लागतं. शब-ए-मालवाचं, म्हणजे माळव्यातल्या रात्रीचं, कौतुक करणाऱ्यांच्या काळी एलईडी नव्हते. पाऊण तास अंधारात बसलो. लाल टॉर्चच, कारण दंडपेशींना लाल उजेड जवळजवळ जाणवत नाही. एम ५१ या सर्पिल दीर्घिकेवर ४८ पट. सरळ बघितलं की गायब, कारण नजरेच्या ऐन मध्यावर दंडपेशी नसतातच. उजव्या डोळ्यानं बघणाऱ्यांनी नजर थोडी उजवीकडे न्यावी, म्हणजे वस्तू नाकाच्या बाजूला राहते. उलट केलंत तर ती कानाकडच्या अंधबिंदूकडे सरकते. मी पहिला महिना उलटंच करत होतो. आणि नळीला हलकी टिचकी मारा. कडेची नजर हालचालीला तिखट असते, हललं की पुसट धब्बा उठून येतो.

दोन धब्बे नक्की. वीसेक मिनिटांनी मोठ्याच्या एका अंगाला वाकडी कमान. आयर्लंडच्या लॉर्ड रॉसला १८४५ मध्ये इथेच सर्पिल दिसलं, पण त्याचा आरसा ७२ इंची होता, आणि फोटो एकही पाहिलेला नव्हता. माझे शेकडो पाहून झालेत. त्यामुळे कमान टिंबांनी काढली आणि शेजारी प्रश्नचिन्ह टाकलं.

बरोबरच्या मित्रानंही कागद लपवून तेच काढलं होतं. चहा पिताना दोन्ही वह्या टॉर्चखाली धरल्या. धब्बे जुळले. त्याची कमान दुसऱ्या अंगाला आहे.