मंगळवेढ्याच्या रानातला सरवा

आईला साखर निघाली तेव्हा डॉक्टरांनी पोळी कमी करून ज्वारीची भाकरी सुरू करायला सांगितली. तोवर आमच्या पुण्याच्या घरात भाकरी व्हायची ती आठवड्यातून एखाद्या वेळी, पिठल्यासोबत. आता ती दोन्ही वेळा लागू लागली, आणि वाण्याकडची चांगली मालदांडी ज्वारी साठ रुपये किलोच्या पुढे गेलेली. वर्षाची ज्वारी ओळखीच्या शेतकऱ्याकडूनच आणावी, म्हणून २०२४च्या फेब्रुवारीत मी मंगळवेढ्याला गेले.

सोलापूरहून एसटी पकडली. कामती गेलं, बेगमपूरला भीमा ओलांडली, माचणूर मागे पडलं आणि दोन्ही बाजूंना काळं रान सुरू झालं. मध्येमध्ये उसाचे हिरवे पट्टे, बाकी सगळी पिवळी पडत चाललेली ज्वारी. मंगळवेढ्याला ज्वारीचं कोठार म्हणतात ते उगीच नाही. इथली रब्बी ज्वारी पेरणीनंतर पावसाची वाट बघत नाही, जमिनीतल्या ओलीवरच पोसते. २०१६ साली तिला भौगोलिक मानांकनही मिळालं.

गावात उतरल्यावर आधी दामाजीपंतांच्या देवळात गेले. बिदरच्या बादशहाचं धान्याचं कोठार दुष्काळात भुकेल्यांसाठी उघडून देणारा हा माणूस. याच गावात गावकुसाची भिंत बांधताना ती कोसळून चोखोबा आणि त्यांच्यासोबतचे मजूर गाडले गेले. अन्नाची आणि कष्टकऱ्यांची अशी दोन स्मरणं एकाच गावात आहेत, हे मनात ठेवूनच मी रानात गेले.

शेतात काढणी चालली होती. ही ज्वारी विळ्याने कापत नाहीत, मुळासकट उपटतात. दोन्ही हातांनी ताटं धरायची, कमरेतून मागे रेटा द्यायचा, मुळांची माती पायावर झटकायची आणि ताट आडवं टाकायचं. सहा बायका एका ओळीत पुढे सरकत होत्या. त्यातल्या एका मावशींच्या तळहाताला चिंधी बांधलेली होती. जेवणाच्या सुट्टीत मी त्यांच्याजवळ बसले. त्यांनी डबा उघडला. रेशनच्या तांदळाचा भात आणि वर पातळ आमटी.

मी विचारलं, “मावशी, ज्वारीच्या रानात भात?”

“ताई, ही ज्वारी आता आमच्या तोंडची न्हाई ऱ्हायली,” त्या म्हणाल्या.

मग त्या मोकळेपणाने बोलत गेल्या. त्यांच्या तरुणपणी काढणीची मजुरी पेंडीवर असायची. दिवसभर उपटलं की संध्याकाळी कणसासकट पेंड्या डोक्यावर घेऊन घरी. सुगीच्या दीड-दोन महिन्यांत घरची कणगी भरायची, ती पावसाळा गाठून द्यायची. आता मजुरी रोख, तीनशे रुपये. त्यातून तेल, चहा-साखर, नवऱ्याच्या गोळ्या. ज्वारी विकत घ्यायला उरतं काय? कणगी कधीच मोडली, आता रेशनचा तांदूळ प्लास्टिकच्या पिंपात असतो.

हे ऐकल्यावर माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मजुरी धान्यात होती तोवर बाजारातला भाव यांच्या उंबऱ्याच्या आत येत नव्हता. ज्वारी पाच रुपये होवो की पन्नास, पेंडी ती पेंडीच. मजुरी रोख झाली त्या दिवसापासून भाकरीसाठी या बायका माझ्यासारख्यांच्या रांगेत उभ्या राहिल्या, आणि त्या रांगेत माझ्या हातात त्यांच्याहून जास्त पैसे आहेत.

गरिबाचं म्हणून हिणवलेलं धान्य अचानक पौष्टिक ठरलं. २०२३ तर भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष होतं. त्या हंगामात सरकारने मालदांडीला ३,२२५ रुपये क्विंटल आधारभूत भाव जाहीर केला, गव्हाचा होता २,२७५. माझ्या आजीच्या काळी गहू सणाचा होता आणि ज्वारी रोजची. आता पारडं फिरलं आहे. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्यात रुपया किलोने भरडधान्य द्यायची तरतूद आहे, पण मावशींच्या पिशवीत माणशी पाच किलो येतात ते गहू-तांदूळच.

तरी त्या रेशनला नावं ठेवत नव्हत्या. बहात्तरच्या दुष्काळात आईबरोबर त्या खडी फोडायला जायच्या. तेव्हा वाट्याला यायचा परदेशातून आलेला लाल मिलो, म्हणजे तिकडची तांबडी ज्वारी. “भाकर थापाय घेतली की तुटायची. सुकडी खाऊन दीस काढलं. आता फुकट धान्य हाय, उपाशी कोण झोपत न्हाई. पण भातानं रातीला पोट ऱ्हात न्हाई बघा.” उपाशी न झोपणं ही फार मोठी गोष्ट आहे, आणि ती ज्यांनी घडवली त्यांचे आभारच मानायला हवेत. पण दिवसभर उपटायचं काम करणाऱ्या बाईला स्वतः उपटलेल्या धान्याची भाकरी मिळू नये, हे मला सहन होत नाही.

शेतकरी दादांकडे बघूनही राग येईना. पेंडीवर मजुरी द्यायचं त्यांनी बंद केलं, कारण भाव आला की दाणा विकून कर्ज फेडायचं असतं. काढणीला माणसं मिळत नाहीत, टोळी उक्तं काम घेते आणि एकराचे पैसे सांगते. “कडबा विकला जातो म्हणून ज्वारी परवडते ताई,” ते म्हणाले. “पाणी आलं की मीही ऊस लावणार. कारखान्याची टोळी येऊन तोडून नेते.” ज्वारी अशी कमी होत गेली, की भाव आणखी चढणार आणि चिंधी बांधलेल्या हातापासून भाकरी आणखी लांब जाणार.

आधी काढलेल्या पट्ट्याची मळणी झाली होती. माझी दोन पोती काट्यावर चढली. मोत्यासारखे टपोरे, पांढरेशुभ्र दाणे. मी दादांना म्हटलं, पुढच्या वर्षी माझ्या ज्वारीच्या काढणीपुरती तरी मजुरी पेंडीवर द्या, फरक मी भरते. ते विचारात पडले. “बघू,” म्हणाले.

निघताना वळून पाहिलं. बाकीच्या बायका घराच्या वाटेला लागल्या होत्या. मावशी मात्र उपटून झालेल्या रानात वाकून सरवा, म्हणजे मागे राहिलेली कणसं, वेचत होत्या. ओच्यात सहा-सात कणसं जमली होती. मला पाहून त्यांनी ओचा जरासा उघडून दाखवला.

“रविवारी नातू यायचा हाय. त्याला गरम भाकर लागती.”